दादाची दुनळी

माझ्या थोरल्या भावाला आम्ही दोनदा अग्नी दिला. पहिल्यांदा स्मशानगृहात, रीतसर, बटण दाबून. दुसऱ्यांदा अमेरिकेतल्या सॅन मटेओच्या पुलावर, भर ट्रॅफिकमध्ये, चुकून. पहिल्या वेळी बटण पुतणीने दाबलं होतं. दुसरी वेळ सर्वस्वी माझी!

विलासदादा मोटरसायकलवरून गेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण भेटायला येणारा प्रत्येक जण गॅरेजकडे बघून ‘तरी मी म्हणतच होतो’ अशी मान हलवायचा. दादा गेला तो घरातल्या ऑफिसात, खुर्चीत बसून, व्हिडिओ मीटिंग चालू असताना. हार्ट अटॅक. पलीकडच्या लोकांना वाटलं, याचं इंटरनेट अडकलं. मॅनेजर म्हणाला, “विलास, यू आर फ्रोझन.” आणि मीटिंग पुढे चालू राहिली. (त्या मीटिंगमध्ये दादाच्या गळ्यात आणखी एक काम मारलं गेलं, हे आम्हाला नंतर कळलं. त्याने नाही म्हटलं नाही, एवढं खरं.) सुषमावहिनी जेवायला बोलवायला गेल्या तेव्हा तो तसाच बसलेला होता, आणि स्क्रीनवर त्याच्या नावाचा चौकोन एकटाच उरला होता.

मोटरसायकल त्याने पंचावन्नाव्या वर्षी घेतली होती. ॲडव्हेंचर मोटरसायकल! म्हणजे उंटासारखी उंच, वाळवंटं आणि डोंगर पार करायला बनवलेली, दोन्ही बाजूंना सामानाच्या दणकट प्लॅस्टिकच्या पेट्या. दादा तिच्यावरून आमच्या फ्रीमाँटमध्येच कोथिंबीर आणायचा. फारच साहस अंगात आलं तर रविवारी हाफ मून बेपर्यंत जायचा, समुद्राकडे बघत कॉफी प्यायचा आणि जेवायच्या आत घरी. सोबत म्हणून मलाही त्याने लायसन्स काढायला लावलं होतं. मी दोन-चारदा मागे मागे गेलोही, पण प्रत्येक वळणावर मला माझा विमा आठवायचा.

या गाडीला सायलेन्सर होता एकच, उजवीकडे. ते दादाला खुपायचं. “एवढी देखणी गाडी आणि एकाच कानात डूल घातल्यासारखी दिसते,” असं म्हणायचा. शेवटी त्याने ओरेगनमधल्या एका कारागिराकडे खास जोडीचा सायलेन्सर बनवायला दिला. एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यावरून घरात रोज भांडण. “या वयात आवाज कसला वाढवतोस? आधी बीपी कमी कर!” असं शेवटच्या दिवशीही वहिनी ओरडल्या, दादा ऑफिसचं दार आपटून आत गेला आणि मीटिंगला बसला. ते त्यांचं एकमेकांशी शेवटचं बोलणं.

आणि तेराव्याच्या सकाळी, गुरुजी दर्भ मोजत असताना, दारात डिलिव्हरीवाला उभा! माणसाएवढं खोकं घेऊन. “इज विलास होम?”

घरात माणसं खच्चून भरलेली. वहिनी उठल्या, सही केली, खोकं आत ओढून घेतलं आणि परत पाटाशेजारी येऊन बसल्या. त्या रडल्या नाहीत. तेव्हाच नाही, आधीही नाही, नंतरही नाही. नुसत्या बघत राहायच्या. सई, म्हणजे त्यांची मुलगी, माँटरेकडच्या एका मत्स्यालयात सी ऑटरना, म्हणजे समुद्री पाणमांजरांना, मासे भरवायचं काम करते. ती सुट्टी काढून आईजवळ राहिली होती. ती मला म्हणायची, “काका, शी इज नॉट ओके. आय नो ॲनिमल्स. व्हेन दे गो क्वाएट, इट्स बॅड.”

अशातच एका दुपारी वहिनींनी मला बोलावलं. खोलीत एका बाजूला ते खोकं, दुसऱ्या बाजूला स्टीलचा डबा. स्मशानगृहाने अस्थी प्लॅस्टिकच्या पेटीत दिल्या होत्या. वहिनींना ते बघवेना, म्हणून त्यांनी त्या दादाच्या चकल्यांच्या डब्यात काढून ठेवल्या होत्या.

“भाऊजी, ते सायलेन्सर बसवून द्या,” वहिनी म्हणाल्या. “त्याला त्याच्या गाडीवरून समुद्रावर न्यायचं. दोन्ही सायलेन्सर लावून.”

“वहिनी, एखादा चांगला मेकॅनिक बघतो.”

“परक्या माणसाचा हात नको लागायला. तुम्ही इंजिनिअर आहात ना?”

आता मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घेतो. स्वतः काही बनवण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात आलेली नाही. पण इतक्या दिवसांत वहिनींनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. माझी बायको तिच्या आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलेली, त्यामुळे मला वेळीच अडवणारंही कोणी नव्हतं. मी म्हटलं, “हो, त्यात काय!”

शनिवारी सकाळी मी आणि सईने गॅरेज उघडलं. शेजारच्या घरात पंत मावशी राहतात. मूळच्या नागपूरच्या, मुलाकडे येऊन राहिलेल्या. त्या लगेच घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि समोर बसल्या.

“काय करून राहिले जी तुम्ही?”

“सायलेन्सर बसवतोय, मावशी.”

“घरात अस्थी आन् तुम्ही ठोकठाक करून राहिले? बरं, करा. मी बसते इथं. मले काही काम नाही.”

जुना सायलेन्सर निघता निघेना. बोल्ट गंजून बसलेला. मी पान्याला लोंबकळलो, सई माझ्या कंबरेला लोंबकळली. बोल्ट सुटला तेव्हा आम्ही दोघं मावशींच्या पायाशी साष्टांग पडलो. (“असू दे, असू दे,” म्हणत त्यांनी आशीर्वादही दिला.) मग नवे पाइप. सीटखाली एक पाइप येतो, त्याला दोन फाटे फुटतात, एक डावा, एक उजवा. ते स्प्रिंगांनी घट्ट ओढून धरायचे. त्या स्प्रिंगा ताणायला म्हणे वेगळं हत्यार मिळतं. मी पक्कड वापरली. पहिलीच स्प्रिंग सटकली ती थेट माझ्या कपाळावर, बरोबर गंध लावतात तिथे! पुढचा आठवडाभर मी ऑफिसात टेंगूळ घेऊन फिरलो आणि लोक माझं आणखीच सांत्वन करत राहिले.

दुपारपर्यंत दोन्ही सायलेन्सर लागले. दोन चकचकीत नळ्या मागे रोखलेल्या, थेट दुनळी बंदूक! मी दोन पावलं मागे सरून कौतुकाने बघत होतो, तेवढ्यात सईने जमिनीवरून एक वाकवलेला पत्रा आणि चार नळकांडीवजा तुकडे उचलले.

“काका, व्हॉट आर दीज?”

“जास्तीचे आहेत. स्पेअर.”

“आर यू शुअर?”

“अगं, मी इतकं फर्निचर जोडलंय. प्रत्येक खोक्यात चार तुकडे जास्तीचेच येतात!”

सईने माझ्याकडे बघितलं. तिच्या ऑटरांपैकी एखादा खोटं बोलला तर ती असंच बघत असावी.

मग मी गाडी चालू केली.

तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. गॅरेजच्या भिंती हलल्या. फळीवरचे रंगाचे डबे खाली आले. नव्या पाइपांवरचं तेल जळून पांढरा धूर झाला, तशी धुराची घंटा केकाटायला लागली, आणि रांगेतल्या साऱ्या घरांसमोरच्या गाड्यांचे अलार्म एका सुरात बोंबलू लागले. पंत मावशी खुर्चीसकट उलट्या! समोरच्या खिडकीतून कोणीतरी फोनवर आमचं शूटिंग करत होतं. (सोसायटीची ईमेल मी गाडी बंद करायच्या आतच आली.)

आणि आतल्या दारात वहिनी उभ्या होत्या. हातात पळी तशीच. मी घाईघाईने गाडी बंद केली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे, की आता तरी बांध फुटेल. वहिनी बराच वेळ त्या दोन नळ्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “किती घाणेरडा आवाज आहे हो!”

आणि आत गेल्या. पण पाइप पूर्ण गार होईपर्यंत त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅरेजकडेच बघत होत्या, हे मी पाहिलं.

पुढच्या रविवारी निघालो. हाफ मून बेच्या बंदरातून एक बाई लहान बोट घेऊन लोकांना अस्थिविसर्जनासाठी आत समुद्रात नेते, तिची बोट ठरवली होती. मी मोटरसायकलवर, मागून कारमध्ये सई, वहिनी आणि पंत मावशी. (मावशींना कोणी बोलावलं नव्हतं. त्या कारमध्ये बसलेल्याच सापडल्या.) डबा दादाच्या लोकरी शालीत गुंडाळून मी डावीकडच्या पेटीत ठेवला. उरलेल्या जागेत मावशींनी पूजेचं सामान बसवलं. कापूर, तुपाची बाटली, वाती, उदबत्त्यांचे पुडे, वर सुकी फुलं. आता विचार केला तर आम्ही पेटीत दादाला नव्हे, अख्खा होम भरला होता. फक्त काडी ओढायची बाकी होती.

ती मी सायलेन्सरच्या रूपाने आधीच बसवलेली होती. कारण तो वाकवलेला पत्रा आणि ती नळकांडी जास्तीची नव्हतीच! डावीकडे नवा पाइप आला म्हणजे डावी पेटी त्याला घासणार. तिला बाहेर सारायला ती नळकांडी, आणि मध्ये आडोसा म्हणून तो पत्रा. उजव्या पेटीला कंपनीनेच खाच ठेवली होती. डावीला मी काहीच ठेवलं नव्हतं, फक्त भाऊ.

पुलावर चढेपर्यंत सगळं छान होतं. दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी, समोर पांढरं आभाळ, खाली दादाची गाडी डरकाळ्या फोडत होती. माझे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, उदबत्तीचा वास आला! चंदनाचा. पुलाच्या मधोमध, चारी बाजूंना पाणी, आणि चंदनाचा वास! अंगावर सरसरून काटा आला. मी मोठ्याने म्हणालो, “दादा, आलास?”

शेजारच्या लेनमधला ट्रकवाला खिडकी उघडून हात हलवायला लागला. मग एक बाई. मग एका गाडीतलं अख्खं कुटुंब. मी गहिवरलो. अमेरिकन माणूस वरून कोरडा वाटतो, पण दुःख बरोबर ओळखतो! मीही सगळ्यांना हात केला, छातीवर हात ठेवून मान झुकवली. मागून सई हॉर्न वाजवायला लागली. मला वाटलं, बोट चुकेल म्हणून घाई करतेय. मी वेग वाढवला. वारा वाढला, तसा आतला विस्तवही फुलला. सईचा हॉर्न आता थांबेचना. शेवटी तिने कार माझ्या बरोबरीला आणली. मागच्या दाराच्या खिडकीतून पंत मावशी अर्ध्या बाहेर आलेल्या आणि जिवाच्या आकांताने ओरडत होत्या,

“अवो, भाऊ पेटले! तुमचे भाऊ पेटले!”

मी मागे वळून बघितलं. डाव्या पेटीतून हातभर ज्वाळा निघत होती.

कडेला कसा थांबलो, आठवत नाही. गाडी टेकवायला स्टँड काढायला गेलो, तर स्टँड डावीकडे आणि आगही डावीकडे! मी गाडी सरळ उजवीकडे ढकलून दिली आणि उडी मारली. आणीबाणीचा नंबर, नाइन वन वन, लावला. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, तेच बोललो.

“माय ब्रदर इज ऑन फायर! ऑन द ब्रिज!”

पलीकडची बाई लगेच सावध. “सर, इज युवर ब्रदर कॉन्शस?”

“नो!”

“इज ही ब्रीदिंग?”

“नो, नो!”

“आर यू शुअर, सर?”

“येस! सिन्स लास्ट मंथ!”

मग ती बाई फारच हळुवारपणे म्हणाली, “सर, हेल्प इज कमिंग. प्लीज स्टे व्हेअर यू आर.” ही मदत नक्की कोणासाठी येतेय, ते तिच्या आवाजावरून मला कळायला हवं होतं.

मी फोनवर असताना सई पाण्याची मोठी बाटली घेऊन धावत आली. तिच्याही पुढे वहिनी होत्या. वहिनींना पळताना मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. सईने पाणी ओतलं, ज्वाळा जरा दबली, आणि वहिनींनी ओढणी हाताला गुंडाळून वितळत्या पेटीत सरळ हात घातला.

“आई, स्टॉप! मम्मा!”

त्या थांबल्या नाहीत. डबा बाहेर आला. शाल गेली, फुलं गेली, डब्याच्या झाकणावर प्लॅस्टिकचा काळा थर चिकटलेला, पण डबा धड होता. वहिनी तो ओढणीत धरून कठड्याशी खाली बसल्या. त्यांची बोटं लाल झाली होती. शेजारून गाड्या सूं सूं करत जात होत्या.

“अजून गरम आहे हो,” वहिनी म्हणाल्या.

मी डोळे पुसत म्हणालो, “वहिनी, माझ्यामुळे दादा...”

पंत मावशी धापा टाकत तिथवर पोचल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काय बाप्पा, रडून काय राहिले? राख कुठं जळते?”

सई म्हणाली, “टेक्निकली, शी इज राइट.”

वहिनींच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, धूर गेला. पण त्या हसत होत्या. खांदे गदगदत होते, डबा मांडीवर हिंदकळत होता आणि हसता हसता कधी त्या रडायला लागल्या, ते आम्हाला कळलंच नाही. हमसून हमसून रडल्या. सईने त्यांना मिठी मारली, तीही रडली. मी उभा राहून रडलो. मावशी म्हणाल्या, “हां, आता कसं!” आणि डोळ्यांना पदर लावला.

याच वेळी सायरन वाजवत अग्निशमनाचा बंब आला. मागे ॲम्ब्युलन्स, मागे पोलीस. पूलभर गाड्या तुंबल्या. स्ट्रेचर घेऊन दोन जण पळत आले.

“व्हेअर इज ही? व्हेअर इज द ब्रदर?”

मी वहिनींच्या मांडीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

त्यातल्या उंच माणसाने डब्याकडे बघितलं. मग जेमतेम धुमसणाऱ्या मोटरसायकलकडे बघितलं. मग पुन्हा डब्याकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“सर,” तो म्हणाला, “हाऊ बॅड वॉज धिस फायर?”

सगळं समजावून सांगायला सईला बराच वेळ लागला. माझी मदत कोणी घेतली नाही. त्यांनी वहिनींच्या बोटांना मलम लावून पट्ट्या बांधल्या. पोलिसाने टोपी काढून वहिनींना “आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस” म्हटलं, मग गाडीभोवती एक चक्कर मारली, पाइप आणि पेटी यांच्यामधल्या जागेत वाकून बघितलं आणि विचारलं, “हू इन्स्टॉल्ड धिस?” सई, मावशी आणि वहिनी, तिघींनी माझ्याकडे बघितलं. भाषेची अडचण अजिबात आली नाही.

मोटरसायकल टो करून नेली. सायलेन्सरांना काही म्हणता काही झालं नव्हतं! दोन्ही चकचकीत. मला कारमध्ये मागच्या सीटवर, मावशींच्या शेजारी बसवण्यात आलं.

बोटवाली बाई थांबली होती. बंदरातून बाहेर पडून बोट बरीच आत गेली, इंजिन बंद झालं आणि एकदम सगळं शांत झालं. डब्याचं झाकण उघडेना. वितळलेल्या प्लॅस्टिकने ते जाम बसलं होतं. मी पुढे झालो, तशी सई म्हणाली, “काका, प्लीज. सिट.” बोटवालीने स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने प्लॅस्टिक खरवडलं आणि झाकण सैल करून डबा वहिनींच्या हातात दिला.

वहिनी काठावर वाकून हळूहळू राख सोडत गेल्या. पूजेचं सामान जळून गेलेलं, मंत्र कोणाला धड येत नव्हते. वहिनी दादाशीच बोलल्या, अगदी रोजच्या आवाजात.

“बीपीवरून बोलले ते मनात ठेवू नकोस. आवाज छान होता. मला आवडला.”

राखेचा फिकट पट्टा पाण्यावर पसरला, लांबत गेला आणि दिसेनासा झाला. सईने आईच्या पाठीवर हात ठेवला होता. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मला सायकल त्याने शिकवली, अमेरिकेत त्याने आणलं, विमानतळावर घ्यायला तोच उभा होता. आता या अख्ख्या देशात मला अरे-तुरे करणारं मोठं माणूस उरलं नव्हतं. मी पाण्याकडे बघत बसून राहिलो. मावशींनी पर्समधून एक खारी काढून माझ्या हातात ठेवली.

परतताना डोंगराचा उतार संपल्यावर पुढच्या सीटवरून वहिनींनी मागे वळून बघितलं. चेहरा सुजलेला, पण नजर कितीतरी दिवसांनी माणसांत आलेली.

“भाऊजी, एक सांगून ठेवते. माझ्या वेळी सगळं सई बघेल. तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. नुसतं येऊन बसायचं.”

“बरं,” मी म्हणालो. मग जरा वेळाने, वातावरण हलकं करावं म्हणून विचारलं, “पण वहिनी, तुमच्या आधी मीच गेलो तर?”

वहिनींनी क्षणभर विचार केला. मग निश्चिंत होऊन पुढे वळल्या.

“तर मग काळजीच नाही! तुम्ही मध्ये नसाल, म्हणजे सगळं नीट पार पडेल.”